महानंदाचा भांग

गंगाखेडचे कापडाचे व्यापारी नागनाथअप्पा यांनी पोटच्या मुलीला फसवलं, आणि तिच्याकरवी तिच्या सासरला फसवलं. बोल मात्र माझ्यावर आला. मी केसांचे टोप करणारा माणूस. खोटे केस विकतो तो खोटाच असणार, असं लोकांनी ठरवून टाकलं.

अप्पांची मुलगी महानंदा आरशापुढे बसली होती. मी तिच्या मागे उभा होतो. दाराशी तिची विधवा आत्या. आई लहानपणीच गेलेली. लग्न तोंडावर आलं होतं आणि टोप दुसऱ्यांदा निसटून कपाळावर आला होता.

"मामा, ह्यो काय ऱ्हात न्हाई बगा," ती म्हणाली.

"राहील. न राहायला काय झालं?" मी खेकसलो. राग पोरीवर नव्हता, चिकटपट्टीवर होता.

हैदराबाद संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. मी ज्या नाटक कंपनीत टोप बांधायचो ती बुडाली, तेव्हा परभणीत स्टेशनजवळ दुकान टाकलं. मला कुणी हाताला धरून शिकवलं नाही. बघून शिकलो, शिव्या खाऊन शिकलो. म्हणून भावात एक पैसा सोडत नसे.

महानंदाला चाई लागली होती. चाई म्हणजे डोक्यावर रुपयाएवढे चट्टे पडतात आणि तिथले केस गळून जातात. तिचे चट्टे वाढत एकमेकांना मिळाले. माथा उघडा पडला. कानांवरचे आणि मागचे केस तेवढे राहिले.

आमच्याकडे बायका विंचरताना गळालेले केस फेकत नाहीत. गुंडाळी करून कोनाड्यात ठेवतात, पुढे वेणीत घालायचं गंगावन करायला. आत्याबाईंनी पोरीचे केस असेच गाठोडं भरून जपले होते. टोप त्याच केसांचा करायचा, असा त्यांचा हट्ट. असलं काम म्हणजे डोकेदुखी. मूळ कुठलं आणि शेंडा कुठला ते डोळ्यांना दिसत नाही, आणि एक केस उलटा गुंफला गेला की शेजारच्यांना धरून जटा करतो. दोन बोटांत चोळला की केस मुळाच्या बाजूने सरकतो. तसा एकेक केस चोळून मी ते गाठोडं लावलं.

त्याचा भाव मी चढाच सांगितला होता. अप्पा म्हणाले, "घ्या." कापडवाला माणूस आणि घासाघीस नाही! मला ते आवडलं नाही. घासाघीस न करणाऱ्याला कसली तरी घाई असते. म्हणून मी तोंडावर विचारलं.

"अप्पा, सासरच्यांना ठाऊक आहे ना?"

"तुमाला काय करायचंय त्ये?"

"मलाच करायचंय. टोप रात्री लाकडी ठोकळ्यावर ठेवावा लागतो, नाहीतर आकार जातो. मागची बाजू कधी सैल झाली तर दुसऱ्या बाईचा हात लागतो. घरात ठाऊक नसेल तर मी हे काम घेत नाही."

"समदं सांगितलंय, दशरथराव. जावई येलदरीच्या धरणावर ओव्हरसियर हाय, शिकलेला माणूस. त्याचे वडील म्हणले, पोरगी गुणाची हाय, केसाचं काय घेऊन बसलाव?"

महानंदा आतून चहा घेऊन येत होती. उंबऱ्यातच थांबली.

"खरंच असं म्हणले, अप्पा?"

"मग मी खोटं बोलायलाय का?"

तिने कपबशी माझ्या हातात दिली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. आत्याबाई मला म्हणाल्या, "दोन वर्सांनी हसली बगा." मी काम घेतलं.

आता टोप का निसटत होता ते सांगतो. नाटकात टोप गोंदाने लावतात. एका खेळापुरता तो ठीक. रोज लावला तर कातडी सोलून निघते. म्हणून घरी लावायला मी दवाखान्यातली चिकटपट्टी वापरायचो. बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, गोंदाची बाजू बाहेर ठेवून त्यांची कडी करायची. कडीची एक बाजू टोपाच्या कापडी काठाला, दुसरी कातडीला. एक कडी कपाळाच्या मधोमध आणि दोन्ही कानशिलांवर एकेक. मागे तिच्याच केसांत आकडे खोचायचे. आधी कातडी साबणाने धुवायची, स्पिरिटने पुसायची, वाळू द्यायची. मग टोप मधूनच टेकवायचा. भुवईच्या वर चार बोटं मोजायची, आणि भांगाची रेघ नाकाच्या सरळ रेषेत आली की मगच कानांकडे दाबत जायचं. भांग वाकडा बसला तर टोप ओढायचा नाही. उचलून पुन्हा टेकवायचा.

हे सगळं करूनही टोप उतरत होता. मी कपाळावर बोट फिरवून वास घेतला.

"आत्याबाई, तेल लावता का हिच्या डोक्याला?"

आत्याबाई म्हणाल्या, "थोडंसं. माक्याचं. सकाळच्या पारी. आले केस तर बरंच की वो."

तेल आणि गोंद यांचं जन्माचं वैर. मी तेलाची बाटली कपाटात ठेवायला लावली. त्यांनी ती कशी ठेवली ते मी पाहिलं. देवापुढचा दिवा विझवावा तशी.

मग मी टोपाची परीक्षा घेतली. महानंदाने स्वतः टोप बसवला आणि मी तिला चुलीपुढे भाकरी थापायला लावलं. उन्हाळ्याचे दिवस. घाम कानशिलांवरून ओघळत होता. ती तव्यावर वाकली, फुंकणीने जाळ केला, हाताच्या पाठीने कपाळ पुसलं. टोप हलला नाही.

"आता पळवा मला गावभर," ती म्हणाली. "लय मोठ्या घरची दिसायलेय का न्हाई, आत्या?"

ठोकळा, पट्ट्या आणि स्पिरिटची बाटली मी तिच्या ट्रंकेत स्वतः ठेवली. लग्न झालं, पोरगी वालूरला सासरी गेली.

पुढे मी नव्या पट्ट्या घेऊन गंगाखेडला उतरलो. सासरी पोचत्या करा असं अप्पांना सांगणार होतो. दार महानंदानेच उघडलं. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. आणि तिच्या मागे कपाटावर तो ठोकळा, सुतळीने बांधलेला, तसाच. तो ट्रंकेतून गेलाच नव्हता.

"काय झालं गं?"

तिने शांतपणे सांगितलं. "पयल्या शुक्रवारी सासूबाईंनी न्हायला बसवलं. त्यांच्यात रीत हाय, नव्या सुनेचं डोकं सासूनं धुवायचं. म्हणल्या, भांग किती सरळ हाय गं तुजा. मी म्हणलं, थांबा, आदी टोप काढते. आन काढला."

"मग?"

"त्या शिकेकाईचं पातेलं घेऊन तशाच उभ्या. मी मान खाली घालून बसलेली. वाट बगायले, आता पाणी घालतेत, मग घालतेत."

मी तडक अप्पांच्या दुकानात गेलो. समोर गिऱ्हाइकं बसली होती.

"अप्पा, ठोकळा कुणी काढला ट्रंकेतून?"

"हळू बोला की. गिऱ्हाईक हाय."

"त्यांनाही ऐकू द्या. काय सांगितलं होतं वालूरला?"

अप्पांनी कापडाचं ठाण गुंडाळायला घेतलं. "केस तिचेच व्हते. तिचेच केस तिच्याच डोक्यावर. ह्यात खोटं काय?"

"मग तिला का सांगितलं, सासरी ठाऊक आहे म्हणून?"

"न्हाई सांगितलं तर ती मांडवात उभी ऱ्हायली नसती. लय खरी हाय ती." अप्पांनी ठाण गादीवर ठेवलं. "मला वाटलं, झाकंल की. बाईच्या जातीला झाकायला शिकवावं लागतं का?"

ते ठाण मी रस्त्यावर भिरकावलं. त्याने काय होणार होतं? गावात गोष्ट फिरली ती अशी, की लपवायची गळ टोपवाल्याने घातली आणि नंतर भांडायलाही तोच आला. लग्नाघरची कामं माझ्याकडे येईनाशी झाली. वालूरहून निरोप आला की फसवणारी पोर आम्हाला नको. ओव्हरसियरने दुसरं लग्न केलं.

महानंदाने खरं काय ते कुणालाच सांगितलं नाही. मी तिला म्हणालो, तू बोल, मी साक्षीला येतो.

ती म्हणाली, "बापाला खोटं पाडू का, मामा? आन तुमचं काम लय चांगलं व्हतं. सासूबाईच म्हणल्या की." टोप तिने पुन्हा घातला नाही. अप्पांच्या मागच्या खोलीत ती साड्यांना फॉल लावते आणि पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेते.

मी एक शिकलो. लग्नाचं काम आलं की दोन्ही घरची एकेक बाई समोर बसल्याशिवाय माप घेत नाही. त्यात निम्मी गिऱ्हाइकं परत जातात. जाऊ देत.

अप्पा आज गावातलं मोठं माणूस. सोयरीक जुळवायला लोक त्यांनाच मध्ये घालतात. वालूरला मात्र त्यानंतर ते एकदाही गेलेले नाहीत. माझ्या नावाचं मी बघून घेईन, त्याची भरपाई मागत नाही. पण त्या सासूला अजून वाटतं की पोरीने फसवलं. अप्पांनी त्या अंगणात उभं राहून एवढंच सांगावं, की पोरीला काही ठाऊक नव्हतं, खोटं मी बोललो. वालूर काही लांब नाही. कधी जाता, अप्पा?