बहिणीच्या लयीत

हीटर बिघडला की काका त्याला कान लावून उभे राहत आणि म्हणत, “सुरात आहे. म्हणजे बिघाड मोठा नाही.” तुमच्याही अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये असा एखादा दुरुस्तीवाला असेल. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या कॉम्प्लेक्समधले हे साठीचे अमेरिकन गृहस्थ. आम्ही मराठी मंडळी आपसात त्यांना काकाच म्हणायचो.

डोंगराकडचं त्यांचं घर गाण्याबजावण्याचं. वडील फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, वाजवायचे, थोरली बहीण गायची आणि काका गिटारवर. शनिवारी ते जिन्यात वाजवत बसायचे, पण नुसतीच साथ.

“पूर्ण गाणं कधी वाजवणार?” मी एकदा विचारलं.

“पूर्णच आहे. तू तिचा आवाज ऐकलेला नाहीस, एवढंच.”

दर रविवारी ते चार तास ड्राइव्ह करून तिला भेटायला जायचे. २००५च्या हिवाळ्यात त्यांचा ट्रक बंद पडला, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो. बहीण एका नर्सिंग होममध्ये होती. तिला कुणाचीच ओळख राहिली नव्हती. पाहुण्याकडे बघावं तसं तिनं काकांकडे पाहिलं.

काकांनी गिटार काढली. दोन-चार सुरांत ती गायला लागली. एक शब्द चुकला नाही.

गाणं संपल्यावर म्हणाली, “छान वाजवता तुम्ही. पण माझा भाऊ जरा सावकाश वाजवायचा. मला श्वास घेऊ द्यायचा.”

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

“हो मॅडम,” काका म्हणाले. “पुन्हा घेऊ या.” आणि त्यांनी सावकाश वाजवलं.

परतताना काका म्हणाले, “बरोबर बोलली ती. आज मी घाई केली. रडू येईल असं वाटलं.”

पुढच्या वर्षी ती गेली. माझं ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, मी अंत्यविधीला गेलो नाही. ते अजून सलतं. काका दोन दिवसांनी कामावर आले, गळका नळ बदलला, पण जिन्यात पुन्हा कधी बसले नाहीत.

काही महिन्यांनी मीच गिटारचा विषय काढला. त्यांनी डावा हात पुढे केला. तारांनी पडलेले घट्टे पार गेले होते. “बघ, तुझ्यासारखी झाली बोटं,” ते म्हणाले.

मी तो हात हातात घेतला. उन्हाळ्यात आम्ही सुट्टीला पुण्याला जाऊन परतलो तेव्हा दुरुस्तीला काकांच्या जागी दुसराच माणूस आला होता; काका नोकरी सोडून गेले, एवढंच कळलं.