घरपट्टीच्या परताव्याला नवऱ्याची संमती

ग्रुपवरच्या फ्लॅटमालकांनो, आज सकाळी घरपट्टीच्या कार्यालयात गेले होते. तुळिंजचा फ्लॅट माझ्या आणि नवऱ्याच्या नावावर आहे. एकमेकांना न सांगता आम्ही दोघांनीही यंदाची घरपट्टी भरली, म्हणून मी माझ्या पावतीचे पैसे परत मागितले.

क्लार्क म्हणाले, "मिस्टरांचं संमतिपत्र आणा."

"करारात पहिलं नाव माझं आहे. पावतीही माझीच."

"तरी लागतं, मॅडम."

"ते आले असते तर माझं मागितलं असतं?"

"जेन्ट्सना कुठं विचारतो आपण?"

हेच कारण अर्जावर लिहून सही करा, असं मी सांगितलं. त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

संमतिपत्र मी देणार नाही. तुमच्यापैकी एका तरी नवऱ्याकडे आजवर बायकोचं मागितलंय का?