जुळलं तर चूक

उर्मिला परचुरे यांना चुका शोधाव्या लागत नाहीत, दिसतात. दुधाच्या पिशवीवरची तारीख पुसट असो की बिल्डिंगच्या नोटिशीतला मजल्याचा आकडा चुकलेला असो, बाईंची नजर नेमकी तिथे अडकणार. नणंदेच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत वार आणि तारीख जुळत नाही, हे त्यांनी भर बैठकीत सांगून टाकलं. पाचशे पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या आणि नणंदेने वर्षभर अबोला धरला. नवरा पंढरीनाथ बिचारा गरीब माणूस. तो एवढंच म्हणाला, "अगं, खरं सांगायला ना नाही, पण आधी त्यांना चहा तरी पिऊ द्यायचास!"

चौऱ्याण्णव साली गिरगावची खोली सोडून हे कुटुंब नवघरला आलं, आणि त्याच वर्षी बाई भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात कामाला लागल्या. गाळ्यात लेबलं छापत. बाईंचं काम तपासण्याचं. त्यांच्या टेबलाला लाकडी फळीऐवजी काच होती आणि काचेखाली ट्यूबलाइट. पास झालेला नमुना खाली ठेवायचा, नवं लेबल त्याच्यावर. खालच्या उजेडात अक्षरावर अक्षर बसलं की बरोबर, केसभर हललं की चूक. औषधाच्या बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, अगरबत्तीचे पुडे, सगळ्यांची लेबलं त्या काचेवरून गेली. चौदा वर्षांत एकही माल परत आला नाही. मालकीण हंसाबेन कडक बाई, कोणाचं सहजासहजी ऐकायची नाही. पण गाडी निघताना तीही विचारायची, "उर्मिलाबेनने देखा? तो जाने दो."

दोन हजार आठ साली पुण्याच्या एका कारखान्याचं काम आलं. मोटारीच्या सुट्या भागांना चिकटवायची लेबलं, आणि प्रत्येक लेबलावर क्यूआर कोड, म्हणजे काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन. प्रत्येक भागाचा नंबर वेगळा, म्हणून प्रत्येक चौकोन वेगळा. त्यासाठी हंसाबेनने नवा प्रोग्राम घेतला, कोड वाचणारा स्कॅनर घेतला आणि खारी गावातली भूमिका नावाची मुलगी कामाला ठेवली. तिच्या आजोबांची हयात मिठागरात गेली होती. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली घरातली ती पहिलीच. प्रोग्रामात ती नंबर टाइप करायची आणि पडद्यावर टचकन चौकोन उमटायचा.

पहिल्या दिवशी बाईंनी चष्मा पुसून त्या चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं.

"यात नंबर कुठे आहे गं?"

"सगळ्या ठिपक्यांत मिलून हाय, मावशी. मशीनला दिसतंय, आपल्याला न्हाय दिसत."

बोलणं साधंच होतं, पण बाईंना ते झोंबलं. 'तुम्हाला दिसत नाही' असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

आठवडाभराने हंसाबेनने त्यांना सगळ्यांसमोरच बोलावून घेतलं. "देखो उर्मिलाबेन, पुराना काम कम हो रहा है. हा पहिला माल पुण्याला पास झाला, तर काचेचं टेबल काढून टाकू. जागा होईल. तुम्ही पॅकिंग बघा. माल वापस आया, तो जैसा है वैसा चलेगा."

पॅकिंगमध्ये कमीपणा काही नव्हता. पण पेटीला चिकटपट्टी कोणीही लावेल. बाई घरी कोणाची बायको, कोणाची आई, बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. 'तुम्ही पाहिलंत ना?' असं त्यांना विचारणारी जागा सगळ्या जगात ती एकच होती, आणि ती जाणार म्हणून त्यांना फार वाईट वाटत होतं.

शुक्रवारी माल तयार झाला. लेबलांचे आठ रोल. भूमिकाने प्रत्येक रोलचं पहिलं लेबल स्कॅनरखाली धरलं, आठही वेळा हिरवा दिवा लागला. माल पास. पाच वाजता टेम्पो येणार होता.

जेवणाच्या सुट्टीत मंडळी डबे घेऊन बाहेर गेली. बाई काचेपाशीच बसल्या होत्या. हाताला सवय वाईट. एका रोलच्या शेवटची चार जादा लेबलं त्यांनी फाडली, त्यातली दोन एकावर एक ठेवली आणि ट्यूबलाइट लावली. चौकोनाखाली छापलेल्या नंबरांचा शेवटचा आकडा वेगळा, तो हललेला दिसला. ते बरोबरच होतं. पण वरचा चौकोन ठिपक्यावर ठिपका जुळला. चौदा वर्षं जुळलं की बाई निवांत व्हायच्या. आज त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तिसरं लेबल ठेवलं, चौथं ठेवलं. जुळलं. नंबर वेगळा तर चौकोन वेगळा हवा, हे कळायला कॉम्प्युटरचा कोर्स कशाला लागतो?

आणि मग बाईंना आनंद झाला. उगाच लपवण्यात अर्थ नाही, झालाच. आता हा माल जाईल, आपटी खाऊन परत येईल आणि टेबल राहील. त्यासाठी काही करायचंसुद्धा नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. त्यांनी लेबलं चुरगाळून डब्याच्या पिशवीत टाकली. मला कोणी बघायला सांगितलं होतं का? नाही. मग माझं काय जातंय?

तीन वाजले. पेट्यांना पट्ट्या लागू लागल्या. भूमिका आठ रोल मोजून पेट्यांत भरत होती, मधूनच काहीतरी गुणगुणत होती. बाईंना तिच्याकडे बघवेना. न दिसलेली चूक दुसऱ्याची असते हो, पण एकदा दिसली की ती आपलीही होते. आजवर याच नजरेचा तोरा मिरवला, आणि आता त्या नजरेलाच म्हणायचं, तू काही पाहिलं नाहीस? नणंदेच्या पत्रिकेच्या वेळी नात्याचीही भीड धरली नव्हती, मग आज टेबलासाठी गप्प? साडेचार वाजता बाई उठल्या. पिशवीतली लेबलं सरळ करून त्यांनी पुन्हा काचेवर एकावर एक ठेवली.

"भूमिका, इकडे ये. हे बघ."

भूमिकाने काचेवर पाहिलं मात्र, तिचा चेहराच उतरला. ती धावत कॉम्प्युटरपाशी गेली. खाली छापायच्या नंबराला तिने 'दर लेबलाला एकाने वाढ' असं सांगून ठेवलं होतं. चौकोनातला नंबर मात्र प्रत्येक रोलच्या सुरुवातीला तिने हाताने टाइप केला होता, आणि त्याला वाढायला सांगायची विसरली होती. म्हणून पहिलं लेबल खरं, बाकीची सगळी त्याचीच नक्कल.

हंसाबेन आली. बाई तोंड उघडणार, तेवढ्यात पोरगीच बोलली, "माजी चूक हाय. उर्मिलामावशींनी पकडली."

हंसाबेनने तिला चांगलं फैलावर घेतलं, टेम्पो रिकामा परत पाठवला. शनिवारी सगळा माल नव्याने छापला. या वेळी प्रत्येक लेबल स्कॅनरखालून गेलं, आणि एकच नंबर दोनदा आला तर लाल दिवा लागेल अशी सोयही भूमिकाने करून ठेवली. बाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. आपल्या काचेचं काम तो दिवा करतोय, तेही न दमता, हे त्यांना तिथेच कळून चुकलं.

बुधवारी पुण्याहून फोन आला. माल पास. हंसाबेन शब्दाची पक्की, हीच तर पंचाईत. तिने सगळ्यांना पेढे दिले, बाईंना दोन दिले, आणि दुपारी दोघा कामगारांनी काचेचं टेबल उचलून बाहेर नेलं. बाईंनी डोळे पुसले, पदर खोचला आणि त्या पॅकिंगला उभ्या राहिल्या.

भूमिका पट्टीचा रोल घेऊन शेजारी आली. एका पेटीला पट्टी लावली. मग हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही गप रायला असता तं माल वापस आला असता. टेबल रायलं असतं तुमचं."

"राहिलं असतं," बाई पेटी बंद करत म्हणाल्या. "पण मग त्या टेबलाशी बसून कोणाची चूक मी कोणत्या तोंडाने दाखवली असती गं?"