पहिल्या मताचा मान

नगरहून एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर मतपेटी होती आणि शेजारणीच्या पाटीत कोंबडी. बहात्तर सालची निवडणूक. मी केंद्राध्यक्ष, म्हणजे एरवी शाळामास्तर. माझं केंद्र असलेलं कर्जत तालुक्यातलं गाव एका इनामदारांचं. इनाम कधीच गेलं होतं, दिल्लीने मोठमोठ्या राजांचेही तनखे बंद केले होते, पण गाव त्यांना अजून ‘सरकार’च म्हणे. तसे आम्हीही सरकारच. फक्त आमच्याकडे जीप नव्हती.

मुक्कामी पिठलं-भाकरी आणि ठेचा. ठेच्याने डोळ्यांत आलं तेवढंच पाणी गावात मुबलक. बाकी सगळं आटलेलं, एक सरकारांची विहीर सोडून.

सकाळी आठला गावच्या शाळेत मतदान सुरू केलं. बाहेर ही रांग, पण आत कोणी येईना.

“पयलं मत सरकारचं असतंय,” पुढचा म्हातारा म्हणाला.

“कधी येणार ते?”

“उठल्यावर.”

रांगेत सोनाबाई चुळबुळत होती. दुष्काळी कामावर खडी फोडायची, नऊला हजेरी. मला चेव आला.

“कायद्यापुढे सरकार आणि तुम्ही सारखेच. या, द्या मत.”

“मास्तर, आमी पानी त्यांच्या हिरीचं पितो.”

“कोण तोडतंय पाणी? मी आहे ना!”

तिने शिक्का मारला आणि कामावर पळाली. मग काय, रांगच सुटली. उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून सरकारांचा कारभारी आत बसला होता. त्याने चष्मा पुसला.

अकराला जीप आली. सरकारांचा फेटा कडक, डोळे झोपेतले. कारभारी कानाला लागला. “मग आम्ही कशाला आलो?” म्हणत सरकारांनी जीप वळवली. मला हसू आवरेना.

संध्याकाळी पेटीला लाख लावून ट्रकने निघालो. विहिरीपाशी सोनाबाई रिकामा हंडा घेऊन उभी, कारभारी आडवा. मी ट्रक थांबवला.

“पयला मान घेतला न्हवं हिनं? आता दुसरी हीर बघू दे,” तो म्हणाला.

मी उतरून कायदा सांगू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“मास्तर, तुमचा हुकूम शाळेपासून शंभर मीटर. हीर लई लांब हाय.”

नियम त्याने बरोबर सांगितला होता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

“जावा तुमी,” सोनाबाई म्हणाली.

नगरला पेटी जमा केली. घरी सरकारांची जीप कशी वळली ते रंगवून सांगितलं, सगळे पोट धरून हसले.

“आणि त्या बाईच्या पाण्याचं?” बायकोने विचारलं.

सोनाबाईला तिथंच सोडून मी ट्रकमध्ये चढलो होतो, एवढंच सांगण्यासारखं होतं. लाज वाटली, सांगवलं नाही.