मेलेला प्लग

मूर्तिजापूरचा गोवर्धन मिस्त्री इंजिन उघडून बसला की त्याला घरदार आठवत नसे. बासष्ट सालच्या हिवाळ्यात सहदेवची संत्री वाहणारी जुनी पिकअप हिसके खात त्याच्या दारी आली. इंजिन चालू ठेवूनच गोवर्धननं प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. पहिली काढली तशी गाडी आणखी अडखळली, दुसरीलाही तसंच. तिसरी काढली तर आवाजात काडीचा फरक नाही.

"हाच मेला. असला काय अन् नसला काय, इंजिनाले पत्ताच नाही!"

तेवढ्यात शेजारी निरोप घेऊन आला. पाहुणे जमलेत, ललिताची सुपारी फोडायची आहे.

"आलो म्हना!" गोवर्धन खेकसला, आणि पुन्हा इंजिनात वाकला. स्वतःच्या लेकीची सुपारी, पण गडी हलला नाही.

दिवेलागणीला तो घरी पोचला तेव्हा पाहुणे गेले होते. माणिकबाई भांडी घासत होती.

"खोळंबले असतीन माह्यासाठी?" त्यानं बायकोला चाचरत विचारलं.

"नाई. तुमच्या जागी तिचा मामा बसला. काई अडलं नाई."

पुढं कितीक गाड्या आल्या. मेलेला प्लग सापडला की गोवर्धन तो मुकाट्यानं बदले. ‘असला काय अन् नसला काय’ हे मात्र त्याच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकलं नाही.