पेजेचा चमचा

छपाईच्या शाईचा वास आला की रत्नागिरीच्या घरातली वडिलांची पेज आठवते. ऐंशीच्या दशकात, कलाशाळेच्या सुट्टीत, मी प्रदर्शनात छापे लावण्यासाठी लिनोच्या मऊ तक्त्यावर कवटी कोरली होती. छापायचं यंत्र नव्हतं, म्हणून शाई लावलेल्या तक्त्यावर कागद ठेवून तो घासायला आईचा चमचा घेतला आणि नुसता पुसून परत ठेवला. त्यानेच आईने अंथरुणावरच्या वडिलांना पेज भरवली. "अगो, शाईचा वास येतोय हिला." "अहो, तापानं तोंड कडू झालंय तुमचं. गिळा बघू." खरं सांगितलं तर चमचा जाईल, आणि छापे तर अजून काढायचे होते, म्हणून मी गप्प बसलो. वडिलांनी माझ्या काळ्या नखांकडे पाहिलं आणि मुकाट्याने घोट गिळला. त्याच आठवड्यात ते गेले. तो छापा आज माझ्या बैठकीत आहे. लोक कवटीचे दात वाखाणतात. मला ते तोंड अजून पेज गिळताना दिसतं.