दोऱ्याच्या रिळावरून निवडलेला रंग

शिवणकाम करणाऱ्या वहिनींची दर उन्हाळ्यात पंचाईत व्हायची. केसांना लावलेला काळा रंग उन्हाने महिनाभरात विटका तांबूस होई. यंदा त्यांनी ठरवलं, तांबूसच व्हायचं तर आपल्या पसंतीने होऊ.

पार्लरमधल्या मुलीने रंगांचं कार्ड पुढे केलं, पण ट्यूबलाइटखाली वहिनींनी कापडाला जुळणारा दोराही कधी निवडला नव्हता. पिशवीतून पाच रिळं काढून त्या दारातल्या उन्हात गेल्या आणि एकेक रीळ गालाशी धरून आरशात पाहू लागल्या.

"वहिनी, या वयात? लोक हसतील हो!" सोबत आलेली नणंद म्हणाली.

"हसू देत. वन्सं, देवाने केस पांढरे केले तेव्हा मला विचारलं होतं? त्याचं काम त्याने केलं. आता माझं मी करते."

तांब्याच्या रंगाचं रीळ त्यांनी मुलीच्या हातात ठेवलं. "अगदी हाच रंग हवा."

दोन तासांनी नणंदेने त्यांना मागून-पुढून न्याहाळलं.

"शोभतंय मेलं! पण दादाला काय सांगणार?"

"काही नाही. त्यांच्या लक्षात येईपर्यंत पावसाळा लागेल."